सातवा भाग, बर्फाच्या कारखान्यात

मोबाइल माझा, म्हणून मधली जागा माझी.
लादीवर पोतं टाकून त्याला टेकवून ठेवतो,
पडद्यावर दव धरतं, बनियनने पुसतो.
कॉम्प्रेसर चालू असला तर शब्द कळत नाही
आणि बंद केला तर सकाळी मालक
लादीला बोट लावून बघतो.
तरी गुरुवारी रात्री अकराला
वीस मिनिटं बंद.
देवगड बंदरात तेवढीच शांतता.

सांगणारा पुण्याकडचा असावा.
त्याचा 'ण' फार स्वच्छ.
काळा शर्ट, हनुवटीखालून निळा उजेड,
आणि वाक्यात मध्येच थांबायची खोड.
"आणि मग... दारावर..."
लवू कोयंडे ओरडतो, "बोल मेल्या, जीव काय घेतंस!"

पहिल्या भागापासून तक्रारी ह्याच्याच.
चकवा असा लागत नाही.
देवचाराच्या वहाणा झिजतात,
दरसाल नव्या ठेवाव्या लागतात,
ते ह्याने सांगितलंच नाही.
आणि दरवेळी पांढरी साडी कशाला?
"आमच्या वाडीतली हिरव्या लुगड्यात आसा!"
एवढं सांगतो
आणि एकटा मुतायला जात नाही.
इर्शादला बॅटरी घेऊन उभा करतो,
वर म्हणतो, काहीतरी बोलत राहा.

टेकबहादूरला मराठी अर्धी कळते.
तो आमच्या मागून दचकतो.
एकदा त्याच्या दचकण्यानेच
आम्ही सगळे दुसऱ्यांदा दचकलो.

सातव्या भागात समुद्र आला.
वादळात गेलेली होडी, पाच माणसं,
त्यातला एक वर्षाने घरी येतो.
मध्यरात्री, ओल्या पायांनी, पुढल्या दाराशी.
कडी वाजते.
बायकोचं नाव घेतो, लग्नाआधीचं.
सांगणारा थांबला.
लादीवरून थेंब पडला तो सगळ्यांना ऐकू आला.
इर्शादने माझा दंड धरला, लवूने इर्शादचा,
विडी कुणाच्या तरी पायावर पडली
आणि तो गप्प राहिला.

शेडच्या कडेला खवणेकरीण कोळंबी सोलत होती.
ती बघत नाही कधी, कानांनी असते.
सोलायला तिला चौदा वर्षं झाली.
त्याआधी ती लिलाव करायची.
त्याआधी बोट होती.

हात न थांबवता म्हणाली,
"मगे? कडी काढूक नको तिना?"

कुणी हसलं नाही.
लवूला दुरुस्ती सुचली नाही.
पडद्यावर ती बायको अंगारा शोधत होती,
दाराला ट्रंक लावत होती, रडत होती,
आणि मी मात्र बाहेर उभा होतो,
अंगणात, त्याच्या बाजूला.
आमचे पाय तसेही ओलेच असतात.

संपल्यावर टेकबहादूरने विचारलं, दीदी क्या बोली?
कुणी सांगितलं नाही.
त्याचं दचकणं त्या रात्री राहूनच गेलं.
मी कॉम्प्रेसर लावला.
ती टोपली धुऊन निघाली,
जाताना शेडचं दार
नेहमी ओढून घेते, ते
ओढलं की नाही, मी बघितलं नाही.

पुढच्या गुरुवारी मोबाइल जरा तिरका ठेवला,
शेडच्या बाजूला.
आवाज दोन काड्यांनी वाढवला.
लवू म्हणाला, आमका दिसत नाय.
मी म्हटलं, ऐक.

पगारातले दोनशे कापले गेलेच.