सहाला सात

डोमाजी नंदनवार दुकानात आले ते
अठ्ठावीसची काळी सायकल खांद्यावर घेऊन.
"मागची रिमच दुमडली," म्हणाले.
"अन् हे पाह्य."
पिशवीतून निघालं लोहाओळीतून उचललेलं
फवारणी पंपाचं इंजिन,
तेलकट, कोंबडीएवढं.
"हे लावून दे. गुडघे आता नाही म्हणतात."

गोळीबार चौकातून सावजी मसाला,
पाच-पाच किलोच्या थैल्या,
कामठी रोडच्या भोजनालयांपर्यंत, बावीस वर्षं.
सिग्नलला थांबले की मागचे शिंकतात.

मी फळीवर खडूनं हिशेब मांडला.
इंजिन लहान, ओझं मोठं, वाटेत उड्डाणपूल.
मागे चोवीस लावू.
लहान चाक हळू पळतं, पण चढ सोडत नाही.
पुढे अठ्ठावीसच राहू दे;
मोठ्या चाकाला खड्डा खड्डा वाटत नाही,
नुसती शंका येते.

"दोन्ही सारखे काऊन नाही?"
आधी डोमाजींनी विचारलं,
मग पानठेल्यावरच्या इस्राईलभाईंनी,
मग माझ्या सासूनं, जिला सायकल येत नाही.
"नवरा उंच, बायको बुटकी, तसं दिसन."
दिसू द्या, म्हटलं.

खरं सांगायचं तर
चोवीसचं चाक दुकानात पडूनच होतं.
एका शाळकरी पोरीच्या सायकलचं,
आऱ्यांत अजून प्लास्टिकचे मणी.
चाक आधी आलं, हिशेब मागून.
पण हिशेब खोटा नव्हता.

चुकलं ते दुसरीकडे.
मागचा एक्सल दोन इंच खाली बसला
आणि अख्खी फ्रेम मागे रेलली,
जेवण झाल्यावर माणूस खाटेवर रेलतो तशी,
अडीच अंश, फार तर पावणेतीन.
हँडल सुस्त झालं. सरळ छान जायचं,
वळायचं तर आधी त्याचं मन वळवावं लागायचं.
ते चाललं असतं.
मागचा ब्रेक रिमपर्यंत पोचेना,
हवेतच चावत राहिला;
पट्टी वेल्ड करून त्याला खाली आणलं.
पण पॅडल?
तेही सव्वा इंच खाली आलंय, हे मला कळलं
सक्करदऱ्याच्या वळणावर,
डांबराला घासून ठिणगी उडाली तेव्हा.
मे महिना, दुपारचे दोन.
रस्त्यावर मी, ठिणगी,
आणि कुणाच्या तरी कूलरखालच्या ओलीत
पोट टेकून झोपलेला कुत्रा.
त्यानं एक डोळा उघडला, मिटला.

रात्री आखूड क्रँक बसवले, त्याच पोरीच्या सायकलचे.
डोमाजींचे गुडघे आता
सहावीतल्या मुलीएवढेच वर येतात.

न्यायला आले त्या सकाळी
त्यांच्या नातीनं, पूर्वानं,
दोन्ही टायरवर चुन्याचा एकेक ठिपका लावला,
व्हॉल्व्हच्या अगदी जवळ,
आणि सायकल ढकलत गल्लीभर ओणवी चालली.
पुढच्याचे सहा झाले की मागच्याचे सात,
मग दोन्ही ठिपके एकदम जमिनीला टेकतात.
"भेटले! आजोबा, भेटले!"
तेरा मीटर. पुन्हा तेरा मीटर.
टायरची जाडी धरली तर नेमकं नाही भेटत,
दर वेळी बोटभर हुकतं;
ते मी तिला सांगितलं नाही.

सासू म्हणाली, सात फेरे तर आमचेबी झाले होते.
पुढं काही बोलली नाही.

आता महिना झाला.
पुलाच्या चढावर इंजिन रडतं, पण थांबत नाही.
काल डोमाजी पंक्चर घेऊन आले, घामाघूम.
"तुह्यापायी दोन मापाच्या ट्यूबा बाळगा लागते."
मग कोणती आणलीत?
त्यांनी हँडलची पिशवी उघडली, पाहिलं,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
"दुसरी."
चुना केव्हाच झिजला होता.
मी चाक उतरवलं.
आऱ्यांतला एक मणी घरंगळत टायरच्या ढिगाखाली गेला,
आणि मी जोरात शिंकले.