साडेसातशे

याकुत्स्कमध्ये जानेवारीत गाडी बंद करत नाहीत.
केली, तर मार्चपर्यंत ती लोखंडी पेटी.
म्हणून दुकानाबाहेर, शाळेबाहेर, प्रसूतिगृहाबाहेर
रिकाम्या गाड्या घुरघुरत उभ्या,
अंगावर नमद्याची पांघरुणं,
काचांवर चिकटवलेल्या दुसऱ्या काचा,
आणि त्यांचा धूर वर जात नाही,
कंबरेएवढा साचून राहतो रस्त्यात;
त्यातून माणसं चालतात पाय नसल्यासारखी.

माझी गाडी जपानी, जुनी, उजव्या स्टिअरिंगची.
डॅशबोर्डवरची अक्षरं मला वाचता येत नाहीत.
आकडे येतात.
चावी फिरवली की काटा पंधराशेवर, झोपमोड झाल्यासारखा,
मग पाणी तापेल तसा उतरत उतरत
साडेसातशेवर टेकायचा.
अकरा वर्षं टेकला.
मी तिकडे कधी बघितलंही नाही.

मंगळवारी बघावं लागलं.
विमान उशिरा होतं. थर्मासमधून चहा ओतला
आणि तो कपातल्या कपात थरथरला.
सहाशे. अकराशे. सहाशे.
तळ्यात, मळ्यात, तळ्यात,
काट्याला कुणी तरी खेळवत होतं, आणि खेळ संपेना.
पेडलवर पाय ठेवला की शहाणी.
पाय काढला की उचकी.
एकदा तर पाचशेच्या खाली गेली,
माझ्याच छातीत धस्स झालं:
इथे, या धुक्यात, उणे एक्कावन्नला विझली तर?

बायबाल डाव्या कानाने ठार बहिरा.
तो कान नदीवरच्या बोटीच्या इंजिनखोलीत गेला.
उजवा शिल्लक आहे, तेवढ्यावर पोट चालतं.
स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला,
डोळे मिटून उभा राहिला.
प्लग? शरदातच बदललेत, म्हटलं.
थ्रॉटलची झडप पुसली, बोळाभर काजळी निघाली.
काटा तसाच.
मग म्हणाला,
"हवा चोरून पितेय कुठून तरी.
दारातून आलेली हवा मोजली जाते:
एवढी हवा, एवढं पेट्रोल.
फटीतून आलेली वहीत चढत नाही.
मग हिशेब तुटतो, धाप लागते,
जास्त मागते, जास्त मिळालं की बिचकते.
धावताना हे कळत नाही.
उभं राहिलं की कळतं."

"तू गाडीबद्दलच बोलतोयस ना?"
"मग कशाबद्दल?"

फवारा हातात घेऊन तो नळीनळीवरून गेला.
इथे काही नाही. इथे काही नाही.
इथे, आणि काटा एकदम उसळला,
नेमक्या दुखऱ्या जागी बोट पडावं तसा.
बोटाएवढी रबरी नळी.
थंडीने तिचं हाड झालेलं,
त्यावर केसाएवढी चीर.

नळीचे तीनशे रूबल.
ऐकण्याचे नऊशे.
घासाघीस केली नाही.

"आता दहा मिनिटं हात लावायचा नाही.
दिवे नकोत, हीटर नको, रेडिओ नको.
बॅटरी काढली होती, विसरलीय सगळं.
उभं राहायला तिचं तिला शिकू दे."

बसलो दोघं. तो चाकावर, मी खोक्यावर.
दहा मिनिटं काहीच न करता मी केव्हा बसले होते?
उयबान मिरनीच्या खाणीवर गेला त्याला तीन हिवाळे झाले.
एक रविवार सोडून फोन येतो.
"सगळं ठीक?" "ठीक."
काटा डगमगला, वर गेला,
खाली आला, जागा शोधत राहिला.

टेकला.
साडेसातशे नाही, सातशे ऐंशी.
"तीस जास्त आहेत," मी म्हटलं.
"वय आहे ते," बायबाल म्हणाला, "सोड."

रात्री पुन्हा विमानतळ.
चहा कपात सपाट.
मागे बसलेला पाहुणा, दक्षिणेकडचा,
पातळ बूट घातलेला, विचारतो:
उभी असताना कशाला चालू ठेवता हो?
फुकट जळतं ना?

मी मीटर सुरू करते.