चौथ्याचा नकार

म्युन्स्टर. रविवारची पहाट, तीन वाजून दहा.
बँकेच्या तळघरात पाच मेनफ्रेम
डिस्कांच्या एकाच पंगतीला बसलेली.
कुणाचंही ताट हलवायचं
तर आधी पाचही जणांना विचारायचं.

विल्ट्रूडने नवा नकाशा चाचणीपुरता चालवला.
पहिलं हो म्हणालं, दुसरं, तिसरं, पाचवंही.
चौथं म्हणालं, नाही,
टेप ०ए३एफ अजून माझ्याकडे उघडी आहे.

टेप? ती तर मार्चमध्येच
भंगाराच्या यादीत गेली होती.

तिने खोदून पाहिलं. एक जॉब,
आन्सगारने एक्याण्णव साली लिहिलेला,
रोज रात्री दोनला उठतो,
टेपला विचारतो, काही आहे का,
काही नसतं,
तरी सकाळपर्यंत हात सोडत नाही.

जबरदस्तीची आज्ञा तिला पाठ आहे. एकच शब्द.
तिने कॉफीचा कप कीबोर्डपासून लांब सरकवला,
निवृत्त आन्सगारचा नंबर काढला,
घड्याळ पाहिलं,
फोन पालथा घातला.

बदलाच्या नोंदीत लिहिलं:
पुढे ढकललं. कारण, वापरात आहे.

साडेसहाला चौथ्याने आपणहून हात सोडला.
तेव्हा ती बाहेर
सायकलचं गोठलेलं कुलूप
फुंकर घालून उघडत होती.