नव्वी-छक्की

गुरुवारची स्पर्धा, प्रवेश साठ डॉलर.
एल्कोचा हा कसिनो, गालिच्यात
तीस वर्षांच्या सिगारेटी अजून मुरलेल्या.
बाहेर बर्फ. खाणीवरून थेट आलेल्या गाड्या,
चाकांवर गोठलेला चिखल.

माझा बाप रूबी डोंगरात मेंढ्या राखायचा.
पांढऱ्या मोजत नसे तो.
शंभरामागे एक काळी सोडलेली असे कळपात,
काळ्या भरल्या की कळप भरला.
मीही तशीच बसते इथं, शाल घेऊन.
दुर्री-नव्वी, टाक. चौकी-गुलाम, टाक.
मोठी जोडी पाऊणशे हातांत एकदा येते,
तोवर ओफीलिया वाटते आणि मी टाकते,
टाकते, चहा पिते, टाकते.

समोर टकर हौगन.
डंपर चालवतो, रात्रपाळी संपवून आलाय.
कानामागे खाणीची धूळ तशीच.
त्याला हरण्याचं काही नाही,
पत्ते न पाहता उठायचं मात्र जिवावर येतं.
प्रत्येक डावात आहेच. पंजी-तिर्री असो,
राजा-चौकी असो, "चला, बघू तरी."
त्याच्या नादानं सगळं टेबल सैल सुटलेलं.

मागच्या महिन्यात मी शहाणपणा केला होता.
दोन राजे हातात, आणि गप्प राहिले,
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून.
पाच जण स्वस्तात आत आले.
एकासमोर दोन राजे पाचांत चारदा जिंकतात,
पाचांसमोर निम्म्यालाही नाही.
सत्ती-चौकीनं मारलं मला,
आणि मारणारा "सॉरी, मावशी" म्हणाला.
तेव्हापासून कळलं:
झाकल्या मुठीची किंमत
या टेबलावर आपणच मोठ्यानं सांगायची.

आज दोन राण्या.
एक इस्पिकची, एक चौकटची.
बोटं थरथरली नाहीत, वयानं थरथरतात तेवढीच.
इतर वेळी तिप्पट लावते,
आज सहापट सरकवली.
एक गेला. दुसरा गेला. टोपीवाला
हळहळत गेला.
टकरनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"चला, बघू तरी."

अठ्ठी. सत्ती. दुर्री.
मी सगळं पुढे ढकललं.
उगाच नखरे कशाला,
जो माणूस दार उघडं दिसलं की शिरतो
त्याच्यासाठी खिडकीतून डोकावत बसू नये.
त्यानं चिप्स मोजल्या नाहीत,
नुसता हात आडवा फिरवला,
डब्यातलं उरलेलं मीठ पातेल्यात ओतावं तसा.

उघडले पत्ते. बदामची नव्वी, बदामची छक्की.
दश्शी आली तर त्याचं, पंजी आली तर त्याचं.
तीनांत एकदा येतं असं.
ओफीलियाची नखं केशरी होती,
एवढंच मला तेव्हा दिसत होतं.
राजा.
मग दुसरी दुर्री.

"छान खेळलात," म्हणाला, मनापासून.
टेबलावर दोनदा बोटं आपटली,
जॅकेट उचललं. गाडीत झोपणार म्हणाला,
आठला पुन्हा पाळी.
तासाभरात चाळीस डाव खेळून गेला पोरगा.
मी तीन.

चिप्स रचताना दिसलं,
त्याच्या जागेवर पाण्याचा गोल डाग,
त्यात चिकटलेला बिस्किटाचा चुरा.
माझ्या नवऱ्यानं एकदा बोईसीला जाऊ म्हटलं होतं,
नुसतंच, काही काम नसताना.
मी म्हटलं, पाहू, जरा बरे दिवस येऊ देत.

राण्या बरोबर खेळल्या. यात वाद नाही.
पुन्हा आल्या तर पुन्हा अशाच खेळेन.

पुढचा हात. कोपरा उचलून पाहिला:
नव्वी, आणि खाली छक्की.
बदामची नव्हे, किल्वर आणि चौकट, निव्वळ कचरा.
ओफीलिया थांबली.
"ग्रासियाना, तुमची पाळी."

टाकायला मला
नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला.