वगळलेलं

साडेपाचला भट्टीवरून सुटतो.
कोटाच्या आत दोन पाव, बरगड्यांना चटके देत.
सिनोपच्या त्या उतारावर तेव्हा
फक्त मांजरं जागी असतात
आणि खाली काळा समुद्र, घसा खाकरत पडलेला.

रात्रभर मी मळतो ते पीठ कुणाकुणाच्या तोंडी जातं,
मला ठाऊक नाही.
घरच्यांच्या वाट्याला माझा हात येतो
तो या पाऊण तासात.

तांब्याचं पसरट भांडं. लोणी.
टोमॅटो किसून, बिया गाळून,
(बिया दिसल्या की ओझान खुर्ची मागे ओढतो)
अंडी सहा. शेजारच्या कोंबड्या रुसल्या असतील तर चार.
आणि मग अटी.

सासरे, शुक्रूबाबा:
मेनेमेनमध्ये कांदा घालतो तो माणूस नव्हे.
त्यांची लेक, म्हणजे माझी सेविंच:
कांदा नसेल तर त्याला मेनेमेन म्हणू नये.
हा खटला आमच्या लग्नाच्या आदल्या रात्रीपासून चालू आहे,
साक्षीदार मी एकटा.
ओझानला अंड्याचं पांढरं थरथरताना दिसता कामा नये.
आणि नेहिर, वय वर्षं सहा,
तिला हिरवं नको.
कुठलंच हिरवं. मिरची नको, पालक नको,
शेपू तर त्याच्या वासासकट नको.

काय नाही केलं.
वाटलं, किसलं, पिळलं,
पालक टोमॅटोच्या खाली पुरला.
अंड्याचा रंग डबक्यासारखा झाला.
नेहिरनं वाकून बघितलं,
अगदी हळू आवाजात विचारलं,
"बाबा, हे अंडं आजारी आहे का?"
कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही,
आणि पालक झाकला तरी
माझ्या लेकीला उजाडतंच.

तेव्हापासून लपवणं सोडलं.
आता मिरची मोठी चिरतो, अंगठ्याएवढी.
निदान वेचून काढायला सोपी जावी.
ती काट्यानं एकेक उचलते,
जकातनाक्यावरच्या शिपायासारखी,
ताटाच्या कडेला रांगेत लावते.
त्यांच्या पलीकडे आजोबांचा कांदा.
ओझानचं पांढरं, बोटभर.
सेविंच हल्ली टोमॅटोची साल बाजूला काढते,
का ते मी विचारलेलं नाही.

मग सगळी शाळेला, कामाला, कॉफीखान्याला जातात
आणि मी चारी ताटांच्या कडा एका वाटीत निपटतो.
ही माझी न्याहारी.
पावाच्या टोकानं पुसून खातो,
गार झालेली, सगळ्यांनी नाकारलेली,
आणि खरं सांगू, चवीला वाईट नसते.
नावडतीचं मीठ अळणी म्हणतात,
माझ्या वाटीतलं मीठ मात्र नेमकं असतं.
घरात कुणाचं कशाशी पटत नाही,
ते मला या वाटीतून कळतं.

आज मंगळवार. बाहेर वारा, खिडकी कुरकुरत होती.
नेहमीसारखी वाटी भरली
आणि ती हाताला हलकी लागली.
मी काही तुकडे मोजून घालत नाही,
पण वीस वर्षं पिठाचे गोळे तोडणाऱ्या तळहाताला
मासाभर कमीही समजतं.
टेबलाखाली वाकून बघितलं.
ओझानचा एक मोजा होता. मिरची नव्हती.
मांजर मिरची खात नाही.

दारात नेहिर बूट घालत होती,
उजवा डाव्यात, डावा उजव्यात,
ओठ घट्ट मिटलेले,
गालात काहीतरी अजून चाललेलं.
आमची नजरानजर झाली.
मी लगेच खिडकीचा कडा नीट बसवायला लागलो.
अशा वेळी शाबासकी दिली की सगळं मुसळ केरात.

ती गेली. मी पाव पुसला, वाटी विसळली,
पडदे ओढून आडवा झालो.
पोटात जरा जागा राहिली होती.
बराच वेळ झोप आली नाही.