खांबावरची हनुवटी

वार्देच्या पक्ष-कार्यालयात आम्ही पाच जण,
थर्मासमधली कॉफी आणि उरलेली बावीस वॉफल्स.
जिंकणार म्हणून पीठ भिजवलं होतं टोरब्योर्गनं;
अंदाज तिचाही चुकला.

टीव्हीवर, दोन हजार किलोमीटर लांब ऑस्लोत,
राग्नफ्रिड सोल्बाक म्हणाल्या, "पराभवाची जबाबदारी माझी."
टाळ्या झाल्या.
जबाबदारी घेतली ती ठेवली कुठे,
ते काही कॅमेऱ्यात दिसलं नाही.
"काम पुढे चालू राहील," म्हणाल्या. हसल्या.
गळ्यातला निळा रुमाल जागच्या जागी.

"जावं तिनं," सिग्वे म्हणाला. एकोणीस वर्षांचा,
पहिल्यांदा दिलेलं मत, पहिल्यांदाच वाया गेलेलं.
"आणि मग कोण? तू?" टोरब्योर्ग फिस्कारली,
"भर वादळात सुकाणूवरचा माणूस बदलत नाहीत."
"वादळ कसलं? आपणच खडकावर घातली बोट."

एइलिफ गप्प होता.
चाळीस वर्षं कॉड माशांमागे बारेंट्स समुद्रात.
त्याच्या बोटीवरून एका मार्चमध्ये यॉस्टाइन गेला,
हा विषय या गावात कुणी काढत नाही.
मी काढला.
कॉफीचा दोष असेल, किंवा हरण्याचा.
"तू सोडली होतीस का रे बोट?"

हीटरची घरघर ऐकू यायला लागली.
"नाही," तो म्हणाला. "आधी त्याच्या आईकडे गेलो.
पायातले बूटही काढले नव्हते.
म्हटलं, विकू की चालवू, तू सांग.
सोपं तेच मागत होतो. विक म्हणाली असती तर सुटलो असतो.
म्हणाली, चालव. आणि दर रविवारी येऊन
माझ्यासमोर बस."

"किती रविवार?"
"ती होती तोवर."

मग कुणीच वॉफलला हात लावला नाही.

सकाळी मी शिडी लावून पोस्टरं उतरवत होते.
वारा असा, की कागद हाताशी भांडत होता.
राजीनामा. शब्दातच राजी आहे,
पण राजी कोण?
जायला आपली एक सही पुरते.
राहायचं तर तोच कागद
दुसऱ्यांच्या दारी न्यावा लागतो.

कपाळ निघालं, डोळे निघाले, हसू अर्धंमुर्धं;
हनुवटी मात्र बंदराजवळच्या खांबाला चिकटून बसली.
नखानं खरवडली. ढिम्म.
राहू दिली.

समुद्राखालच्या बोगद्यातून यायचं, बाई,
शेवटच्या थांब्यापुढचं पिवळं घर माझं.
वॉफल्स आहेत अजून.
कालचीच, थोडी वातड.