निवळेपर्यंत

बरणी मीच नेली होती बैठकीला.
मुरंब्याची जुनी, झाकणावर लाल बेरींचं चित्र,
आत फ्योर्डचं पाणी
आणि मूठभर आमच्या गिरणीचं दळण.

शंभर पाट्या डोंगर दळला
की हाती लागतं पाटीभर तांबं.
उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय,
हे नकाशावर निळ्या रेघेनं काढलेलं होतं:
एक पाइप, धक्क्यापासून थेट तळापर्यंत.
‘बघा,’ मी म्हणालो, ‘जड असतं. बसतं खाली.’

रिस्तेन पहिल्या बाकावर होती.
साठ वर्षं कॉडचे गळ ओढून
वाकडी झालेली बोटं मांडीवर.
तिनं बरणी घेतली, एकदाच हलवली,
खिडकीत ठेवली.
‘निवळली की बोलव.’
ती उठली. मागची बाकंही उठली.

दुसऱ्या दिवशी बोटभर थर, वर दूध.
पाचव्या दिवशी पाणी घातलेलं दूध.
कॉफीआधी मी खिडकीशी जाऊ लागलो,
तापकऱ्याच्या कपाळाला हात लावावा तसा.
अकराव्या दिवशी काचेपलीकडची होडी दिसली,
तीही बहुधा
तिथं होडी असते हे ठाऊक होतं म्हणून.

मार्चमध्ये कॉड अंडी घालायला येतात.
अंडी तरंगतात. मोहरीहून बारीक, आरपार दिसणारी.
माझ्या अहवालात त्यांना अडीच ओळी होत्या,
शेवटचा शब्द: ‘मध्यम’.
मध्यम म्हणजे किती,
हे मला लिहिताना कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

रात्री बसून दुसरा हिशेब मांडला.
दळण सिमेंटमध्ये कालवून
परत डोंगराच्या पोटात, काढलं तिथंच.
सगळं मावत नाही. दळलेला दगड फुगतो.
राहील ते कोरडं करून, खाली अस्तर घालून, माळावर;
पण माळावर आइलूची रेनडिअर चरतात,
तेव्हा आधी त्याच्या दारात जायचं, नकाशा न घेता.
पाण्यात काही नाही.
मार्च-एप्रिल सुरुंग बंद.
खर्चाच्या रकान्यात आकडा मावेना,
मी रकाना रुंद केला.

ऑस्लोहून फोन आला. साहेब आधी हसले.
‘टोर्गेइर, अरे, समुद्राला भाडं नाही.’
‘आहे,’ मी म्हणालो, ‘पावती दुसऱ्याच्या नावानं फाटते.’
मग ते हसले नाहीत. बघू, म्हणाले.
अजून बघताहेत.
पाइप धक्क्यावर पडून आहे, तुकड्यातुकड्यांत;
एका तुकड्यात बदकीनं पिसं अंथरलीत.

तेविसाव्या दिवशी बरणी निवळली.
मी रिस्तेनला बोलावून आणलं.
चश्मा नव्हता, म्हणून तिनं ती उजेडाकडे धरली.
वय झालंय. हात कापतो.
तेवढं पुरलं.

दोघंही बघत राहिलो
तळातून वर येणारा तो पांढरा धूर.
‘कॉफी आहे का?’ तिनं विचारलं.